हिरव्या पाटीचे मुद्रितशोधन

माणसाच्या हातची चूक आणि यंत्राच्या हातची चूक यांची जातच वेगळी. माणूस दर खेपेस नवी चूक करतो. यंत्र एकच चूक हजारदा करते, आणि तीही इतक्या सुबकपणे की पाहणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. पोथ्या हाताने उतरल्या जात तेव्हा प्रत्येक प्रतीचा दोष तिच्यापुरता असे. एकाने काना गाळला, दुसऱ्याने ओळ गाळली, तिसऱ्याने आपल्या पदरची ओवी घुसडून दिली. म्हणून तर नाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या प्रती समोर घेऊन पाठ शुद्ध करावा लागला. आमच्या खानदेशात, धुळ्यास, ज्यांनी देह ठेवला ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जन्मभर याच जातीचे काम करीत राहिले. कागद मिळवायचा, उतरून घ्यायचा, दुसऱ्याशी ताडून पाहायचा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले. त्यांच्या नावाच्या धुळ्यातील संशोधन मंडळात त्यांचे दफ्तर जपलेले आहे.

मग छापखाना आला आणि चुकीचे रूप पालटले. एक खिळा उलटा बसला की तो सगळ्या आवृत्तीत उलटा. दोन प्रती शेजारी ठेवून ताडण्यात काही अर्थच उरला नाही, कारण दोन्ही सारख्याच चुकलेल्या! तेव्हा ताडायचे ते मूळ हस्तलिखिताशी, आणि तेही छापण्यापूर्वी. चार कादंबऱ्या छापून झाल्यामुळे प्रुफे तपासण्याचा हा जाच माझ्या अंगवळणी पडला आहे.

इतक्या प्रस्तावनेनंतर मी सांगणार आहे तो इतिहास मात्र पोथीचाही नाही आणि पुस्तकाचाही नाही. तो आहे एका हिरव्या पाटीचा. घरातल्या टीव्हीचा रिमोट कधी हातातून पडून फुटला असेल तर वाचकांनी ती पाहिलेली आहे. तिला सर्किट बोर्ड म्हणतात. अंगावर तांब्याच्या रेघा आणि त्या रेघांवर तीळ, मोहरी, मसूर यांच्या आकाराचे भाग चिकटवलेले. इंग्रजीत तिला ‘प्रिंटेड’ सर्किट बोर्ड म्हणतात, आणि ते नाव अक्षरशः खरे आहे. ती छापलेलीच असते. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो; पण छापलेली वस्तू म्हटली की ती तपासण्याचा हक्क आपल्याला आहे असे मी मानतो.

रेडिओ खानदेशात आला तेव्हा आमचे जिल्हे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश या नावांनी ओळखले जात. जळगाव आणि धुळे ही नावे १९६० नंतरची. त्या काळी रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे, आणि त्याची पेटी उघडली तर आत तारांचा असा काही गुंता असे की सुगरणीचे घरटे बरे! प्रत्येक तार हाताने वाकवलेली, प्रत्येक सांधा हाताने सोल्डर केलेला. सोनार दागिन्याला डाग देतो तसा. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन रेडिओ बिघडले तरी बिघाड एक नसे. मेकॅनिकला दर पेटीशी नव्याने ओळख करून घ्यावी लागे, आणि तो ती करून घेई.

हौशी माणसाने घरी बसून यंत्र जोडावे ही कल्पना फैलावली ती अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. मिशिगन राज्यातील हीथ कंपनीने १९४७ मध्ये सुट्या भागांचा एक संच विकायला काढला. तो ऑसिलोस्कोपचा, म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा होता. पुढे ‘हीथकिट’ या नावाने रेडिओ, टीव्ही असे कितीतरी संच निघाले. त्यांची खरी करामत त्यांच्या पुस्तिकेत होती. ‘अमुक भाग अमुक ठिकाणी बसवा’ असे एकेक वाक्य आणि त्यापुढे एक रिकामा कंस. काम झाले की पेन्सिलीने त्यात खूण करायची, मगच पुढचे वाक्य वाचायचे. ज्याने इलेक्ट्रॉनिक्सचे अक्षर पाहिले नाही असा संसारी माणूसही त्या खुणांच्या आधाराने टीव्ही जोडून मोकळा होई. माझ्या मते अशा पुस्तिकेला वाङ्मयातच जागा द्यायला हवी. पण आमचे समीक्षक ऐकतील तर ना!

इकडे तारांच्या गुंत्याला छापखान्याचा उतारा शोधला तो व्हिएन्नाच्या पॉल आइस्लर याने. हा जन्माने ज्यू. १९३६ मध्ये तो इंग्लंडला आला, आणि त्याच सुमारास त्याने तारांऐवजी पातळ तांब्याच्या छापील रेघा असलेला रेडिओ करून दाखवला. छपाईच्या धंद्याशी त्याची ओळख होती; ठसा कोरताना नको तो धातू आम्लाने खाऊन काढतात, तीच युक्ती त्याने तांब्याला लावली. आपली कल्पना घेऊन तो एका कारखान्यात गेला तेव्हा, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, त्याला उत्तर मिळाले की हे तारा जोडण्याचे काम आमच्या मुली करतात, त्या स्वस्त पडतात. त्याने पेटंटचा अर्ज केला तो १९४३ मध्ये. पण छापील तारांना खरा भाव आला तो युद्धामुळे. तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये अमेरिकेने त्या वापरल्या, आणि युद्धानंतर शांततेच्या बाजारात त्या रेडिओच्या पोटात शिरल्या.

छापील रेघा आल्या तरी भाग बसवणारे हात माणसाचेच राहिले, आणि बहुतेक ठिकाणी बायकांचे. मुंबईत अंधेरीला १९७३ मध्ये सीप्झ ही निर्यातीची वसाहत उभी राहिली. तेथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत ओळीने बसून भाग खोवणाऱ्यांत मोठा भरणा स्त्रियांचा होता. एकीने चार भाग बसवायचे, पाटी पुढे सरकवायची, शेवटी एकीने भिंगाखाली सगळी पाटी वाचायची. ‘वाचायची’ हाच शब्द मला बरोबर वाटतो.

१९८० नंतरच्या काळात भागांचे पाय गेले. पूर्वी प्रत्येक भागाला दोन तारांचे पाय असत, ते पाटीच्या भोकांतून खाली काढून सोल्डर करीत. आता भाग इतके लहान झाले की ते पाटीच्या पाठीवरच चिकटवायचे. हे काम माणसाच्या चिमटीचे राहिले नाही. यंत्राची चोच फितीवरून एकेक भाग शोषून उचलते आणि सोल्डरच्या ओल्या लेपावर ठेवते. मग पाटी भट्टीतून जाते आणि लेप वितळून भाग पक्के होतात. कथील आणि शिसे यांचे जुने सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळे. युरोपने १ जुलै २००६ पासून शिशावर बंदी घातली, तेव्हापासून बहुतेक ठिकाणी कथील, चांदी आणि तांबे यांचे सोल्डर आले, ते वितळायला २१७ अंशांच्या आसपास उष्णता लागते. या भट्टीत एक मौज घडते. भाग किंचित वाकडा ठेवला गेला असला तरी वितळलेले सोल्डर त्याला ओढून सरळ करते. पण एका टोकाचे सोल्डर आधी वितळले तर तेच सोल्डर त्याला असे ओढते की तो एका पायावर ताठ उभा राहतो! कारखानदारांच्या बोलीत याला ‘टूमस्टोन’, म्हणजे थडग्याचा दगड म्हणतात. भिंगातून पाहिले तर नाव अगदी समर्पक वाटते.

थडग्याचा दगड डोळ्यांना दिसतो. त्याहून कपटी चूक दिशेची. यंत्राला प्रत्येक भागासाठी एक यादी दिलेली असते. कुठे ठेवायचा आणि किती अंशांनी फिरवून ठेवायचा. आता फिरवणे मोजायचे कोठून? पाटी आखणाऱ्याचा शून्य अंश एक आणि कारखान्याच्या फितीवरचा शून्य अंश दुसरा असला, की चिप नव्वद किंवा एकशेऐंशी अंशांनी फिरलेली बसते. तलाठ्याच्या नकाशावरचा उत्तरेचा बाण चुकला तर शेजाऱ्याचे शेत आपले होते, त्यातलाच प्रकार. यंत्राकडून ढिलाई अशी काहीच झालेली नसते. त्याला सांगितले तसे त्याने केले. पोथी उतरणारे लेखक शेवटी लिहून ठेवीत ना, की जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये? यंत्राला लिहिता येत नाही एवढेच.

यावर कारखान्यांनी उपाय काढला तो जळगावकरांना चटकन समजेल. आमच्या सराफ बाजारात कसाचा दगड असतो; सोने घासून उमटलेली रेघ माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडायची. कारखान्यातही एक पाटी पूर्ण तपासून, चालवून, निर्दोष ठरवून वेगळी ठेवतात. तिला म्हणतातच मुळी ‘गोल्डन बोर्ड’. कॅमेरा प्रत्येक नव्या पाटीचे चित्र घेतो आणि नमुन्याशी किंवा मूळ आराखड्याशी जुळवतो. भाग गळला, सरकला, उभा राहिला की दिवा लागतो. ज्या चिपचे सांधे तिच्या पोटाखाली दडलेले असतात त्यांच्यासाठी क्ष-किरण. एवढा बंदोबस्त! परंतु नमुनाच खोटा असेल तर? सराफाने पितळेची कांडी सोन्याची म्हणून प्रमाण धरली तर सगळ्या गावाचे पितळ पास होईल.

हे कोठे घडत नाही असे नाही. २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ येथे आर्दुइनो हा स्वस्त बोर्ड निघाला आणि विद्यार्थ्यांच्या हाती पडला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधून रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक विक्रीला आला. त्याची पहिली खेप दहा हजार बोर्डांची, चीनमध्ये जोडून घेतलेली. मालकांनी तपासले तेव्हा आढळले की नेटवर्कची तार खोवण्याचे सॉकेट चुकीचे आहे. हवे होते ते सॉकेट पोटात बारीक ट्रान्सफॉर्मर असलेले. बसवले होते ते साधे. बाहेरून दोन्ही सारखीच. भाग जागेवर, दिशा बरोबर, सांधा स्वच्छ, आणि नेटवर्क मात्र मुके. सगळी सॉकेटे काढून नवी बसवावी लागली. त्याच घराण्यातील दुसऱ्या पिढीच्या बोर्डाची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये कौतुकाने त्याचा फोटो घ्यायला गेलेल्या लोकांच्या लक्षात आले की झेनॉनचा फ्लॅश उडाला की बोर्ड बंद पडतो! वर आवरण नसलेली एक चिप उजेडाने दिपून जाई. दृष्ट लागते ती अशी.

आता आमच्याकडे येतो. जळगावात पाईप होतात, चटया होतात, डाळ होते. हे बोर्ड होत नाहीत. ते येतात बाहेरून, पाकिटातून, आणि येतात ते प्रामुख्याने मुलांसाठी. नीति आयोगाने २०१६ मध्ये अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या, सहावी ते बारावीच्या मुलांनी हाताने यंत्रे करून पाहावीत म्हणून. माझ्या शाळेला तशी लॅब नाही. आम्ही माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढली आणि थोडे बोर्ड, सोबत मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर आणवले. नववीतल्या एका मुलीच्या वडिलांची केळीची बाग आहे. झाडाला पाणी कधी हवे हे मातीलाच विचारावे, असे तिच्या डोक्यात आले होते. आमच्या विज्ञानशिक्षकांनी तिला जोडणी करून दाखवली. सेन्सर कोरड्या मातीत घातला तरी तोच आकडा, चिखलात घातला तरी तोच. दुसरा लावला, तिसरा लावला; तेच. “सर, माझंच काहीतरी चुकतंय,” असे म्हणून ती पोर गेली ती पंधरा दिवस प्रयोगाकडे फिरकली नाही. विकत आणलेली वस्तू चुकलेली असू शकते हे तिच्या मनात येणे शक्यच नव्हते. आम्ही पुस्तकातले छापील ते खरे असेच शिकवतो.

हा सेन्सर म्हणजे एक लांबट पाटी. तिच्या टोकावर एक लहानशी चिप विजेच्या लाटा काढते. मातीत पाणी जास्त असले की त्या लाटा दबतात, आणि बाहेर येणारे व्होल्टेज उतरते. एवढेच त्याचे शास्त्र. चिप पाचशे पंचावन्न नावाची; हान्स कामेन्झिंड या माणसाने १९७१ मध्ये आखलेली, १९७२ पासून बाजारात असलेली. इतक्या वर्षांत तिची भावंडे पुष्कळ झाली. ‘टीएलसी’ अक्षरांचे भावंड दोन व्होल्टवरसुद्धा चालते. ‘एनई’ अक्षरांच्या जुन्या भावाला निदान साडेचार लागतात. आमच्या पाकिटातल्या सेन्सरांत वीज येई ती ३.३ व्होल्टांची. भिंग आणून चिपच्या पाठीवरची अक्षरे वाचली तेव्हा उलगडा झाला. ‘टीएल’ हवे होते तेथे ‘एनई’ बसले होते. जागा बरोबर, दिशा बरोबर, माणूस चुकीचा! हौशी लोकांत या सेन्सरांच्या या खोडीची चर्चा जगभर झालेली आहे, हे मला मागाहून कळले. अनेक कारखाने एकच आराखडा उतरवून घेतात आणि हाताशी असलेली स्वस्त चिप बसवतात.

मग आम्ही वर्गात तपासणीचा परिपाठच सुरू केला. एकाने आराखड्यावरून नाव वाचायचे, दुसऱ्याने भिंगातून ते पाटीवर शोधायचे, तिसऱ्याने कागदावर खूण करायची. आर म्हणजे रेझिस्टर. त्याला उलटसुलट नसते, पण पाठीवरचा आकडा पाहायचा. १०३ म्हणजे एकशे तीन नव्हे, दहावर तीन शून्ये, दहा हजार ओहम. डी म्हणजे डायोड. त्याचा पट्टा ऋण बाजूला. सी म्हणजे कपॅसिटर, ज्याला जुने मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात. आणि येथे खरी मेख आहे. ॲल्युमिनियमच्या डबीवरचा पट्टा ऋण टोक दाखवतो, तर टँटलमच्या पिवळ्या ठोकळ्यावरचा पट्टा धन टोक! सख्ख्या भावांच्या कपाळी एकच गंध, पण पंथ उलटे. टँटलम उलटा बसला तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून वीज जोडण्यापूर्वीच पाहायचे. चिपच्या एका कोपऱ्यात ठिपका असतो, तो पहिला पाय; तो पाटीवरच्या खुणेशी जुळला पाहिजे. आणि तपकिरी रंगाच्या बारक्या कपॅसिटरांवर काहीच छापलेले नसते. तेथे डोळ्याने हात टेकायचे आणि मीटर घ्यायचा.

या कामात ती मुलगी परत आली. किंबहुना तीच सर्वांत खाष्ट तपासनीस निघाली.

आम्ही दुसरे पाकीट मागवले. या खेपेस चिप ‘टीएल’ची होती, ३.३ व्होल्ट देणारा तीन पायांचा भाग जागेवर होता, सगळ्या खुणा झाल्या. सेन्सर मातीत घातला. आकडा हलला, पण कसा? कोरड्या मातीतून काढून चिखलात रोवला तर आकडा उतरायला मिनिटेच्या मिनिटे घेई. ती म्हणाली, “सर, याला कळतं, पण उशिरा कळतं.” यादी पुन्हा वाचली. सगळे भाग आपापल्या ठिकाणी होते. अखेर वीज काढून मीटरची एक टोचणी बाहेर जाणाऱ्या पिनेवर आणि दुसरी जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या पिनेवर ठेवली. आराखड्याप्रमाणे तेथे दहा लाख ओहम दिसायला हवे होते. मीटर म्हणे वाटच नाही. चौथ्या क्रमांकाचा रेझिस्टर, ज्याने साठलेली वीज हळूहळू जमिनीत सोडायची, तो होता. नेमक्या जागी, नेमक्या मूल्याचा, चकचकीत सोल्डरने पक्का केलेला. पण त्याच्या पायाखालची तांब्याची रेघ ग्राउंडपर्यंत पोचलेलीच नव्हती! आखणाऱ्याच्या हातून रेघ सुटली, ती तशीच छापली गेली, आणि कुठल्याही कॅमेऱ्याला त्यात वावगे दिसण्याचे कारण नव्हते. हस्तलिखितातच ओळ नव्हती; मुद्रितशोधक बिचारा काय करणार?

औषध सोपे निघाले. धुळ्याला एका गल्लीत जुन्या रेडिओंचे एक वयस्क मेकॅनिक बसतात. त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात रंगीत पट्ट्यांचे, दोन पायांचे जुने रेझिस्टर पडून होते. तपकिरी, काळा, हिरवा: एक, शून्य आणि पुढे पाच शून्ये, झाले दहा लाख. मूठभर आणले. मुलांनी ते दोन पिनांच्या मध्ये एकेक सोल्डर केले. चिमुकल्या पाटीवर तो लांब टांगांचा म्हातारा फार विजोड दिसतो, पण आता चिखलात रोवला की आकडा झटकन उतरतो. पहिल्या पाकिटातल्या ‘एनई’ चिपा मुलांनी उतरवल्या आणि ‘टीएल’ बसवल्या. त्यात दोन पाट्या भाजल्या, बाकीच्या चालू झाल्या. केळीच्या बागेत त्यांपैकी एक रोवलेला आहे.

विक्रेत्याला कळवणे हे आमचे कर्तव्य होते. मुलीनेच पत्र लिहिले. सोबत पाटीचे चित्र, तुटलेल्या रेघेवर लाल बाण, मीटरचे आकडे, सगळे व्यवस्थित. आठ दिवसांनी उत्तर आले. कोणाही ग्राहकाची तक्रार नाही, आम्ही खात्री करून घेतली आहे, पाकिटातील सर्व नग तंतोतंत एकसारखे आहेत.

मुलीने ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवले, आणि ‘एकसारखे’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून कागद फाइलला लावला.